पिशवी काढलेल्या बाईची लघवी तपासणी

मानकोली नाक्यालगतच्या गोदामांत काम करणाऱ्या बायका पोटदुखी घेऊन येतात, तेव्हा स्टुलावर टेकायच्या आधीच सांगून टाकतात, "मॅडम, माझी पिशवी काढलीय." म्हणजे पाळीचं, गर्भाचं काही विचारू नका. मी तरीही विचारते. पाळी जायचं वय झालेलं नसेल तर लघवीची गर्भतपासणीही करायला लावते. बरोबर आलेली नणंद तोंडाला पदर लावते. हसू दे.

पिशवी गेली तरी अंडाशयं बहुधा ठेवलेली असतात, आणि ती दर महिन्याला बीज सोडतच राहतात. शिल्लक राहिलेल्या नळीत गर्भ रुजू शकतो. वेंडेलर यांनी असा पहिला रुग्ण १८९५ मध्ये नोंदवला. त्यानंतरच्या जगभरातल्या नोंदीही थोड्याच. माझ्याकडे एकही आलेली नाही. पण इथे पाळी चुकल्याची खूणच नसते, त्यामुळे संशय यायला उशीर होतो, आणि नळी फुटली की रक्त पोटात साठत जातं.

कधी ऑपरेशनच्या दिवशीच फळलेलं बीज नळीत असतं. ते इतकं कोवळं असतं की आदल्या दिवशीची तपासणीही निगेटिव्ह येते. म्हणून तपासणीच्या कार्डावरच्या रेषेइतकीच मी पाळीची तारीख बघते, आणि घाई नसेल तर पाळी संपल्यासंपल्याच ऑपरेशन धरते. असा गर्भ काही आठवड्यांनी दुखू लागला की सगळे टाक्यांना दोष देतात. काही वेळा मात्र हे कित्येक वर्षांनंतर घडतं: योनीच्या वरच्या टोकाला शिवलेल्या जागी बारीक छिद्र राहतं, नाहीतर नळीचं तोंड तिथे अडकून उघडं राहतं. पिशवीचं तोंड ठेवलेलं असेल तर पुरुषबीजाला आत जायला तीही वाटच.

पुस्तकी वाटतं ना? बीडच्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत तरुण बायकाही होत्या. त्या वयात अंडाशयं पुढे कैक वर्षं जागी असतात.

"नळ्या, अंडाशयं काढलीत का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते डॉक्टरांना माहीत." आणि कागद गावी. तेव्हा बायांनो, काय काढलं नि काय ठेवलं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, आणि कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.