परळच्या वाटेवरील बिऱ्हाडे

मुंबईस जाणारा प्रवासी राणीची बाग पाहतो, गेटवे पाहतो आणि परततो. आम्ही मात्र दादर स्थानकावर उतरून परळची वाट धरली. तेथे १९२६ चे के. ई. एम., १९२९ चे मुलांचे वाडिया आणि १९४१ चे टाटा स्मारक अशी तीन मोठी रुग्णालये जवळजवळ उभी आहेत. टाटा रुग्णालयाच्या रस्त्यास डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय शल्यविशारदाचे नाव आहे, हे वाचून आमच्या गोव्याकडील वाचकांस संतोष वाटेल.

परंतु आमची दृष्टी खिळली ती पदपथावर. तेथे गाठोडी, एक पातेले, आणि आईच्या मांडीवर केस गळालेले लेकरू! बिहार-बंगालकडील ही बिऱ्हाडे येथे का, असा प्रश्न कोणासही पडेल.

वाचकहो, मुलांत अधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा. त्याचे औषध बहुधा दोन वर्षे वा अधिक चालते. एवढा काळ खाट लागत नाही. मूल औषध घेते आणि पुन्हा येण्याच्या बोलीवर सुटते. पण गाव शेकडो कोस दूर! शिवाय औषधाने अंगची प्रतिकारशक्ती क्षीण होते, मग रस्त्यावरील धूळ व गढूळ पाणी हेच दुसरे दुखणे ठरते. इकडे बापाची मजुरी बुडालेली. अखेर हताश होऊन कुटुंब परतीचे तिकीट काढते, आणि बरे होऊ शकणारे मूल अर्ध्या औषधावर घरी जाते.

ही गरज ओळखून २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड संस्थेने अशा कुटुंबांसाठी विनामूल्य निवारा उघडला. आता हैदराबादेसह इतर शहरांतही तिची केंद्रे आहेत. प्रत्येक कुटुंबास स्वच्छ खोली, शिधा आणि सामाईक स्वयंपाकघरात आपली चूल मिळते. आई आपल्या हाताने, आपल्या प्रांताच्या चवीचे अन्न रांधते. दुसऱ्याच्या दारी असूनही ती याचक राहत नाही, हे आम्हांस विशेष वाटले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतही रुग्ण व त्यांचे आप्त आसरा घेतात.

आईबापांचे समाधान केवळ औषधाने होत नाही. आजार काय, पुढे काय, हे त्यांना कळेल अशा भाषेत सांगणारा कोणी हवा, आणि लेकराजवळ बसू देणारा नियम हवा. पूर्वी इंग्लंडातील कित्येक रुग्णालयांत पालकांस आठवड्यातून मोजके तासच आत सोडीत. १९५९ साली तेथील प्लॅट समितीने सांगितले की, पालकांस केव्हाही भेटू द्यावे आणि लहानग्यांच्या आयांस तेथेच राहण्याची सोय करावी.

आपल्या गावातून एखादे मूल असे शहरी गेले, तर परळास जाणे सर्वांना साधणार नाही. पण मागे राहिलेल्या भावंडांस जेवू घालणे, गाईची धार काढणे, शेताला पाणी सोडणे हे शेजारधर्मात बसते. घरची काळजी मिटली, तर तो बाप मुलाचे औषध पुरे होईतो तेथे टिकेल.