गाडीवान

पहिल्या पावसाच्या मातीचा वास सगळ्यांच्याच ओळखीचा असतो. माझ्या मनात रेंगाळतो तो दुसरा. सिंदफणेच्या काठचा काळा गाळ पाटीतून घरी आणायचा, खडे आणि मुळ्या वेचून काढायच्या, पाण्याचा हबका मारत मारत तो लोण्यासारखा होईपर्यंत मळायचा, आणि मग तळहात नाकाशी न्यायचा. थंड, जरासा शेवाळलेला, विहिरीच्या तळाशी साठून राहिलेल्या अंधारासारखा तो वास. शिरूर कासारला श्रावण सरत आला की आम्हा पोरांच्या हातांना तो लागायचा, आणि पोळा होऊन गेला तरी नखांच्या कडांतून हलायचा नाही.

मी ओट्यावर बैल करत बसलेला असायचो. डोळ्यांना जोंधळ्याचे दाणे, मानेवर धांड्याचं जू. आत पारायण चाललेलं. धुंडीसुत मालूंची ‘नवनाथ भक्तिसार’ ही 1819 सालची पोथी, अध्याय 40, आणि शेजारचे तात्या तिच्या ओव्या एका संथ लयीत वाचत पुढं सरकायचे. आजीला अक्षर येत नव्हतं. ती वाती वळत ऐकायची. उदाचा धूर उंबरा ओलांडून बाहेर यायचा आणि माझ्या हातातल्या मातीच्या वासात मिसळून जायचा. आजही मला त्या दोघांना वेगळं करता येत नाही.

त्या पोथीतल्या एका प्रसंगाला माझे हात आपोआप थांबायचे. मुलं चिखलाची गाडी करतात, पण गाडीवान काही त्यांना जमत नाही. जवळच गोरक्षनाथ संजीवनी मंत्र घोकत बसलेला असतो. मुलं त्यालाच गळ घालतात, आणि तोंडानं पाठ चालू ठेवून तो हातानं पुतळा घडवू लागतो. मंत्र संपतो, माती डोळे उघडते. भूत भूत म्हणत मुलं पळून जातात. उरतं ते रडणारं लेकरू, गहिनीनाथ. गोरक्षाचे गुरू मच्छिंद्रनाथ ते मधुनाभा आणि गंगा या जोडप्याच्या ओटीत घालतात. इथं आजी दरवेळी पुटपुटायची, “मातीलाबी माय लागती रं.”

ही गोष्ट आम्हाला दूरची कधी वाटलीच नाही. गहिनीनाथांची समाधी शेजारच्या पाटोदा तालुक्यात, चिंचोलीच्या गडावर. सिंदफणा उगम पावते तीही त्याच तालुक्यातल्या डोंगरांत. म्हणजे माझ्या बोटांत येणारा गाळ नाथांच्या मुलखातूनच वाहत आलेला. त्या मातीच्या लेकरानं पुढं निवृत्तिनाथांना उपदेश दिला, निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना, आणि 1290 मध्ये ज्ञानेश्वरी झाली. गाडीवान हवा म्हणून मुलांनी हट्ट धरला नसता तर! मी अजूनही या विचारापाशी थबकतो.

दसरा झाला की गावातली घरं निम्मी व्हायची. आई-आबांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पैसा आधी खर्चून मग अख्खा हिवाळा कुठल्यातरी साखर कारखान्याच्या उसाच्या फडात तो फेडायचा. त्यांचा ट्रॅक्टर वळणाआड गेला त्या संध्याकाळी मी कोनाड्यातले पोळ्याचे बैल खाली घेतले. वाळून त्यांना बारीक तडे गेले होते. नव्यानं गाळ आणला, मळला, आणि एक गाडीवान केला. मंत्र येत नव्हता. तात्यांच्या तोंडच्या ओव्यांतले कानात उरलेले शब्द म्हणत राहिलो, आजी जेवायला हाक मारीपर्यंत. गाडीवानानं डोळे उघडले नाहीत. हाताला मात्र तो वास होता, आणि त्या रात्री तळहात नाकाशी धरूनच मी झोपलो.

आता पुण्यात रविवारी माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 1974 मध्ये आणलेला हा खेळ, कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि सगळ्यांनी मिळून सांगितलेली गोष्ट. त्यातल्या जुन्या जादूची कल्पना जॅक व्हान्सच्या 1950 च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून आली. जादूगार मोजकेच मंत्र मनात धरतो, आणि एकदा उच्चारला की मंत्र पुसला जातो. लेकीला हे पटेना. “बाबा, आपली वेगळी जादू करू या ना,” ती म्हणाली. मी वही उघडली, आणि वहीच्या कोऱ्या पानाला गाळाचा वास आला.

तीन रात्री बसलो. आमच्या जादूत मंत्र एकानं म्हणायचा आणि त्याच वेळी माती दुसऱ्यानं मळायची. जे मनात होतं ते येत नाही, हातून घडलं ते येतं. शक्ती हवी तितकी मिळते, पण उचल म्हणून. आधी घ्यायची, नंतर आपल्या पात्राचे दिवस मोजून फेडायची, आणि तेवढे दिवस ते पात्र घरापासून लांब राहतं. हा नियम लिहिताना पेन बराच वेळ अडलं. शेवटचा नियम आजीचा. ज्याला जिवंत केलं त्याला वाढवायचं, टाकून पुढं जायचं नाही. फाशावर वीस पडले तरी यातून सुटका नाही.

मुली पहिल्यांदा या नियमांनी खेळल्या तेव्हा मी गावाकडून आणलेला गाळ ताटात ठेवला होता. एकीनं मंत्र धरला. माझ्या लेकीनं मळायला घेतलं, आणि मी काही सांगितलेलं नसताना तिच्या हातून एक माणूस झाला, गुडघे मुडपून बसलेला, मुठी पुढं धरलेला, जणू कासरे ओढतोय. फासा पडला. माणूस उठला. मैत्रिणींना दरीपलीकडं पोचायची घाई होती, पण ती त्याच्यापाशीच थांबली.

“याला कुठं जायचं असेल, बाबा?”

मी म्हणालो, “फडावर. आजी-आबांना आणायला.”

तिनं पुढं काही विचारलं नाही. गाडीवान आता आमच्या खिडकीत ठेवलाय. आतून तो अजून ओला आहे.