आजीची ट्राम

माझी आजी १९२९ साली लग्न होऊन नाशिकला आली. "स्टेशनावर उतरलो आणि ट्रामने गावात आलो," असे ती सांगे. वाटेत दुतर्फा रान होते आणि नव्या लुगड्यावर धूळ बसली, एवढाच तिच्या आठवणीचा ऐवज.

कॉलेजात असताना एकदा मी तिला दुरुस्त केले. "आजी, ट्राम मुंबईला. नाशिकला कुठली आलीय ट्राम?" मुंबईचा इतिहास मला पाठ होता. १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली, पुढे दुमजली गाड्याही धावल्या आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "असेल रे बाबा, माझाच घोटाळा होत असेल." त्यानंतर तिने ट्रामचे नाव काढले नाही.

ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, दुसरेच काही शोधताना, नाशिकची ट्राम मला कागदावर भेटली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिकरोड स्टेशनापर्यंत, आठ-दहा किलोमीटरची, अडीच फुटी अरुंद रुळांची. १८८९ च्या सुमारास ती बांधली गेली. तिच्या कामात एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा अभियंता होता, ज्याने पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली. आरंभी दोन डबे चार घोडे ओढत. रेल्वे गावापासून दूर राहिल्यामुळे गोदाकाठी येणाऱ्या यात्रेकरूला स्टेशनापासून गाव गाठणे हाच मोठा प्रश्न होता. ट्राम हे त्याचे उत्तर होते. दुष्काळ आणि प्लेग यांनी तिचे अर्थकारण मोडले. तोटा वाढत गेला आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद पडली.

मुंबईची ट्राम विजेवर आली, लाखोंच्या रोजच्या जगण्यात मिसळली, म्हणून ती बंद झाल्यावरही लोकांच्या बोलण्यात उरली. नाशिकची ट्राम विजेपर्यंत पोहोचलीच नाही. ती उरली होती फक्त तिच्यात बसलेल्या माणसांपाशी. त्यांतले एक माणूस माझ्या घरात होते आणि पुस्तकी माहितीच्या जोरावर मी त्याची साक्ष खोटी ठरवली. चौथी शिकलेल्या बाईने डोळ्यांनी पाहिलेले माझ्या लेखी पुरावा नव्हते. आणि तिनेही किती सहज मान्य केले! त्या सहजतेचा सल अधिक आहे.

२०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटींची तरतूद जाहीर झाली. वरच्या तारांतून वीज घेणाऱ्या, रबरी टायरवर धावणाऱ्या गाड्यांची ती योजना. "नाशिकला असले काही पहिल्यांदाच," असे घरात कोणीतरी म्हणाले.

या वेळी मी दुरुस्ती केली. ऐकायला आजी नव्हती.