पाण्याचा तंटा आणि पिकाचा निर्णय

जल, जंगल आणि जमीन यांवरून माणसामाणसांत, गावागावांत आणि प्रांताप्रांतांत जे तंटे उद्भवतात, त्यांच्या अभ्यासास आरंभ करणारा मनुष्य बहुधा पर्जन्यमानाचे तक्ते पुढे ओढतो. कारण पाऊस उणा पडला की भांडण होते आणि पुरेसा पडला की शमते, ही समजूत आपल्या अंगवळणी पडली आहे. परंतु नदीकाठची गावे हिंडताना आणि खटल्यांचे निवाडे वाचताना मला जो प्रत्यय वारंवार आला, तो असा की, दुर्भिक्ष्य हे तंट्याचे केवळ निमित्त असते. त्याचे बीज त्याच्याही आधी, पेरणीच्या वेळी, शेतात कोणते पीक घ्यावयाचे हे ज्या रीतीने ठरते त्या रीतीत पडलेले असते.

पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांच्या काठी, आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, फडपद्धती नावाची जी व्यवस्था कित्येक पिढ्या नांदली, तिच्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाखाली भिजणारे थळ, आणि त्या थळाचे सामान्यतः चार फड, अशी तिची रचना असे. एका फडात एकच पीक घ्यावयाचे, आणि यंदा ऊस कोणत्या फडात, भुसार कोणत्या फडात, हे एकट्या खातेदाराने न ठरविता सर्वांनी मिळून, नदीचा रंग पाहून, हंगामापूर्वीच ठरवावयाचे, हा तिचा मूलमंत्र होता. पाणी ओसरलेल्या वर्षी एखादा फड पडीक ठेवीत. आणि बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्यामुळे ती तूट एकाच घरावर न कोसळता सर्वांच्या वाट्यास येई. पाटकऱ्याने पाणी द्यावे, जागल्याने पिकाची राखण करावी, आणि त्यांचे वेतन गावाने सोसावे, ही वहिवाट कोणताही सरकारी हुकूम निघण्याच्या आधीपासून चालत आली होती.

या व्यवस्थेत एक उणीव होती, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल: ज्यास थळात जमीन नाही, त्यास पाटाच्या पाण्यात हक्कही नव्हता. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी ज्या पाणी पंचायतीची उभारणी केली, तिने नेमके हेच वैगुण्य दूर केले. तिथे पाण्याचा हक्क सातबाऱ्याला न चिकटता माणसाला मिळाला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास फार तर अडीच एकर भिजेल एवढेच पाणी, भूमिहीनासही त्यात वाटा, आणि ऊस वर्ज्य, असे नियम झाले. वाटणीइतकाच पिकाचा निर्बंधही सर्वांनी स्वखुशीने पत्करला, हे या प्रयोगाचे मर्म होय.

आता गोदावरीकडे वळावे. पैठणजवळ जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले. सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी सामावू शकणाऱ्या त्याच्या नाथसागरात मराठवाड्याची आशा साठलेली आहे. त्याच्या वरच्या अंगास दारणा, गंगापूर, मुळा, आणि १९२६ पासून प्रवरेवर उभे असलेले भंडारदरा ही धरणे आहेत. वरचा शेतकरी म्हणतो, आमचे कालवे जुने, आमची वहिवाट जुनी. खालचा म्हणतो, आमच्याही जमिनी बुडाल्या आणि नदी तुमच्या एकट्याची नव्हे. आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापून खोऱ्यातील तूट सर्व धरणांनी सारख्या प्रमाणात सोसावी असे तत्त्व घातले. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडावे, असे सूत्रही पुढे ठरले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१६ साली फैसलाही झाला. तरीसुद्धा तुटीचे वर्ष आले की मोर्चे निघतात, अर्ज दाखल होतात आणि नदीच्या पात्रातून पाणी सोडताना बंदोबस्त ठेवावा लागतो.

याचे कारण मला असे दिसते की, या सूत्राने पाण्याची वाटणी केली, परंतु पिकाची निवड ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडली. उसाचा मळा वरही आहे आणि खालीही. जुलैत पेरलेल्या अपेक्षेचा हिशेब ऑक्टोबरात पाण्याने चुकवावयास निघालेला मनुष्य कोणत्याही निवाड्याने समाधान पावणार नाही. प्रवरेच्या शेतकऱ्यास मराठवाड्याचा शेतकरी लुटारू वाटतो आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्यास प्रवरेचा, पण दोघेही पिकाविषयी एकत्र बसून कधी बोललेले नाहीत. त्यांची गाठ पडते ती वकिलांमार्फत. पांझरेच्या काठी हे बोलणे गावाच्या चावडीवर होई. एवढ्या मोठ्या खोऱ्यात तसे होणे कठीण आहे हे मी जाणतो, परंतु कठीण असणे आणि अशक्य असणे यांत अंतर आहे.

म्हणून शासनास आणि खोऱ्यातील दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांस माझे सांगणे एवढेच आहे की, धरणे भरलेली असताना आणि मने शांत असताना, पेरणीपूर्वी, वरच्या व खालच्या पाणी वापर संस्थांनी एका बैठकीत बसून कोणत्या पिकास किती क्षेत्र हे आधी ठरवावे, आणि त्या बैठकीत ज्यांना जमीन नाही त्यांनाही जागा द्यावी. पिकाचा करार नसलेला पाण्याचा करार टिकत नाही.