स्वित्झर्लंड, व्हाया पाषाण रोड

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? यश चोप्रांची गाणी, चॉकलेट आणि हनिमून पॅकेज! पण पुण्यात एक रस्ता असा आहे, जिथे स्वित्झर्लंड म्हणजे एकच प्रश्न असतो... 'प्रोफेसरचा रिप्लाय आला का?'

तो रस्ता म्हणजे आपला पाषाण रोड. ऑफिसला जाताना मी कित्येकदा इथून बाइक काढतो. इथे १९५० साली सुरू झालेली एनसीएल आहे आणि तिच्या शेजारीच २००६ची आयसर. टपरीवर कटिंग घेत उभी असलेली बरीच मंडळी पीएचडीवाली. त्यातच माझी एक मैत्रीण. केमिस्ट्रीत पीएचडी, वय तिशीला टेकलेलं, आणि सध्या शोध पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेचा.

आम्हा आयटीवाल्यांचं ऑनसाइट सोपं. कंपनी व्हिसा काढते, तिकीट देते, परत आल्यावर डेस्क असतं. इथे ना एजंट, ना कॅप राउंड! पीएचडी संपली की फेलोशिप थांबते आणि पुढची जागा ज्याची त्याने शोधायची.

झुरिकचं ईटीएच, लोझानचं ईपीएफएल यांच्या साइटवर जाहिराती लागतात. पण बरंचसं जमतं ते थेट प्रोफेसरला लिहिलेल्या मेलवर. त्यांचे ताजे पेपर वाचायचे आणि आपण तिथे येऊन नेमकं काय करू, ते चार ओळींत सांगायचं. पन्नास जणांना तोच मेल धाडला की लगेच कळतं! स्विस सरकारची एक्सलन्स स्कॉलरशिप घ्या किंवा युरोपची मारी क्युरी फेलोशिप, आधी तिथल्या प्रोफेसरचा होकार हवाच. २०२१पासून स्वित्झर्लंड युरोपच्या या योजनेबाहेर होतं. २०२५मध्ये मारी क्युरीचं दार पुन्हा उघडलं.

आता जरा विद्यापीठाच्या आवारात वळू. तिथल्या आयुकात, चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेल्या अंगणात, न्यूटन, गॅलिलिओ आणि आर्यभटासोबत आइनस्टाइनचाही पुतळा आहे. हा गडी १९००मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून, म्हणजे आजच्या ईटीएचमधून, पास झाला. प्राध्यापकांना पत्रांवर पत्रं लिहिली, पण असिस्टंटची जागा काही मिळाली नाही. १९०२मध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरी धरली. झुरिक विद्यापीठात प्राध्यापक झाला तो थेट १९०९मध्ये. नऊ वर्षं, बॉस!

बरं, जागा मिळाली तरी करार मुदतीचाच. बहुधा एक-दोन वर्षांचा, जमलं तर वाढणारा. मग पुण्यात परतायचं, की आणखी एका देशात आणखी एक जागा शोधायची? लग्न, घर, आईबाबा... सगळे बेत त्या तारखेला बांधलेले.

म्हणून सांगतो, तुमच्या ग्रुपमध्ये असं कुणी असेल तर 'कधी चाललास?' असं विचारू नका. 'नक्की कशावर काम करतोस?' असं विचारा. त्या मेलमधल्या चार ओळींची प्रॅक्टिस तरी होईल!