आईची काठी आणि वीस लिटर बीअर

आमच्या निगडीच्या घरी जमिनीतल्या टाकीजवळ एक बांबूची काठी कायम उभी असते. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येतं. पाणी येऊन गेलं की आई काठी टाकीत सोडते, ओली खूण बघते आणि सांगते, ''परवापर्यंत पुरेल, पण चादरी आज भिजवू नका.''

चाकणच्या कारखान्यातून 2022 मध्ये मला सहा महिन्यांसाठी स्टुटगार्टला पाठवलं. तिथल्या घरमालकांना घरी बीअर करायचा छंद होता. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय तसं करता येत नाही. तिथे मात्र कस्टम खात्याला कळवलं, की घरापुरती वर्षाला 200 लिटरपर्यंत बीअर करमुक्त होती. एका शनिवारी त्यांनी मोठं पातेलं माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, ''आज तुम्ही करा.''

20 लिटर बीअर हवी, म्हणून मी 20 लिटर पाणी घेतलं. त्यात 4 किलो जवाचं मॉल्ट 67 अंशांवर तासभर ठेवलं. गाळलं तर रस भरला 16 लिटर. चोथा मुठीत घेतला. कोमट, जड, भाजलेल्या गव्हाच्या खिरीसारखा वास. किलोमागे जवळपास लिटरभर पाणी त्यानं पिऊन टाकलं होतं. हॉप्स घालून तासभर उकळताना 3 लिटर वाफेत गेलं, लिटरभर तळच्या गाळात राहिलं. यीस्ट घालायला उरले 12 लिटर. ''वरून पाणी घालता येईल,'' ते म्हणाले, ''पण चोथ्यात राहिलेली साखर गेली ती गेलीच.''

त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवसाआड पाण्याच्या गावातून आलेला मी, आणि वाटेत मुरणारं पाणी धरलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला आधी नुसतं पाणी तासभर उकळून पाहिलं. पातेल्याचं तोंड रुंद, आच मोठी, तशी वाफ जास्त. म्हणून हा आकडा ज्याचा त्यानंच काढावा लागतो. लाकडी पळीच्या दांड्यावर लिटरालिटराच्या खाचा पाडल्या. मग हिशेब उलटा मांडला: हवेत 20, गाळाचा 1, वाफेचे 3, चोथ्याचे 4. एकूण 28. त्यातल्या 12 लिटरमध्ये मॉल्ट भिजवलं आणि उरलेलं 16 लिटर गरम पाणी चोथ्यावरून पळीपळीनं सोडलं, म्हणजे अडकलेली गोडी धुऊन खाली यावी. शेवटी पळी बुडवली. ओली खूण विसाव्या खाचेला लागली, आणि मला आईची काठी आठवली.

घरी परतल्यावर आरओच्या सांडपाण्याच्या नळीखाली बादली लावली. पिण्याचं 10 लिटर भरेपर्यंत बादली दोनदा भरली. आईला दाखवलं. तिनं काहीच न बोलता तिसरी बादली आणून ठेवली. चादरी आता त्याच पाण्यात भिजतात.