आयर्लंडचा तिरपा उजेड आणि एक दिवसाच्या सहली

आयर्लंडमध्ये फोटो काढायचे असतील, तर लख्ख ऊन पडायची वाट बघत बसू नका. इथे एका दिवसात चारही ऋतू येऊन जातात, असं इथलेच लोक हसत सांगतात. घरातून निघताना ऊन, बस सुटेपर्यंत भुरभुर पाऊस आणि उतरावं तर समोर इंद्रधनुष्य. नव्या माणसाला याचा वैताग येतो, पण हातात कॅमेरा किंवा साधा मोबाइल असला की हेच हवामान मदतीला धावतं. पाऊस थांबल्यावरच्या पाच-दहा मिनिटांत ओलं गवत, दगडी कुंपणं आणि मेंढ्यांची पांढरी लोकर असं काही उजळून निघतं, की त्यावर आणखी रंग चढवायची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट सूर्याची. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर डब्लिन ५३ अंशांवर. आपल्यासारखा डोक्यावर तळपणारा सूर्य इथे कधीच दिसत नाही. उजेड तिरपा पडतो आणि सावल्या लांब होतात. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरमध्ये मात्र चार वाजून गेले की अंधारायला लागतं. म्हणून सहलीचं ठिकाण ठरवण्याआधी सूर्यास्ताची वेळ बघायची, हा आमच्या घरचा नियम झाला आहे.

सुरुवात शहरापासून

लिफी नदीवरचा हापेनी पूल १८१६ सालचा, ओतीव लोखंडाचा आणि फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. पूर्वी तो ओलांडायला अर्धा पेनी टोल पडायचा, त्यावरून त्याला हे नाव मिळालं. शहरातल्या या नदीला समुद्राची भरती-ओहोटी जाणवते. ओहोटीला काठाच्या भिंतींखाली चिखल दिसतो, तर भरतीला पाणी वर चढतं आणि दिव्यांचं प्रतिबिंब छान पडतं. भरतीची वेळ आणि संध्याकाळ जुळली, तर सोडू नका.

मेरियन स्क्वेअरच्या आसपास एकसारख्या विटांची जुनी घरं आहेत, पण प्रत्येकाचं दार वेगळ्या रंगाचं. ढगाळ दिवशी हे रंग जास्त खुलतात. ग्राफ्टन स्ट्रीटवर वाजवणाऱ्या कलाकारांचा फोटो घ्यायचा असेल, तर आधी मान हलवून विचारा आणि पेटीत नाणं टाका. ती त्यांची रोजीरोटी आहे.

फिनिक्स पार्क तब्बल ७०७ हेक्टरचं आहे. तिथे सतराव्या शतकापासून हरणं आहेत. त्यांच्यापासून ५० मीटर लांब राहा आणि त्यांना खायला घालू नका, अशी उद्यानाची सूचना आहे. मुलांना हे आधीच समजावून सांगा. गाजर दाखवून काढलेल्या सेल्फीपेक्षा धुक्यात लांब उभा असलेला कळप कितीतरी सुंदर दिसतो.

डबा बांधा आणि निघा

हौथ हे मासेमारीचं बंदर शहरातून लोकल गाडीने अर्ध्या तासावर आहे. बंदरात सील माशांच्या आशेने डोकं वर काढतात. कड्यावरच्या पायवाटेवरून बेली दीपगृह दिसतं. वारा मात्र सोसाट्याचा, मोबाइलची दोरी मनगटात अडकवलेली बरी.

ग्लेनडालॉक म्हणजे दोन तळ्यांची दरी. विकलो डोंगरात सहाव्या शतकात संत केविन यांनी इथे मठ स्थापला. तिथला गोल दगडी मनोरा सुमारे ३० मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याशी एखादा माणूस उभा असेल, तरच ही उंची फोटोत कळते. वरच्या तळ्याचं पाणी सकाळी स्थिर असतं, म्हणून पहिल्या बसने जा. मात्र आजूबाजूला कबरी आहेत. कबरीच्या दगडावर बसून पोझ देऊ नका.

मोहरचे कडे पश्चिम किनाऱ्यावर आहेत, जवळपास १४ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त २१४ मीटर उंच. डब्लिनहून बसने एका बाजूला तीन तासांहून अधिक लागतात. कड्यांचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी ते सावलीत असतात. दुपारनंतर उजेड दगडांवर येतो आणि खडकांचे थर स्पष्ट दिसतात. शक्य असेल तर उशिरा परतणारी बस घ्या. कडा ठिसूळ आहे आणि वाऱ्याचा भरवसा नाही. चांगल्या फोटोसाठी कुंपण ओलांडायची गरज नाही, ओलांडूही नका.

न्यूग्रेंजमध्ये कॅमेरा पिशवीतच ठेवावा लागतो. सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या, म्हणजे इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडपेक्षाही जुन्या या समाधीच्या आत फोटो काढू देत नाहीत. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून आतल्या दालनापर्यंत पोहोचतो आणि सुमारे १७ मिनिटं थांबतो. एरवी गेलेल्यांना आतले दिवे मालवून तो किरण विजेच्या दिव्याने दाखवतात. फोटो काढता येत नसल्याने सगळे फक्त बघत उभे राहतात.

एका हौशी छायाचित्रकाराची पेटी

कॉर्कजवळचं कोव्ह हे रंगीत घरांचं बंदर. १९१२ साली त्याचं नाव क्वीन्सटाउन होतं आणि टायटॅनिक शेवटची थांबली ती इथेच. फ्रान्सिस ब्राउन त्या जहाजाने इंग्लंडहून इथपर्यंत आले आणि ११ एप्रिलला उतरले. पुढे ते धर्मगुरू झाले, फोटोग्राफी हा त्यांचा छंद. डेकवर भोवरा फिरवणाऱ्या मुलाचा त्यांनी टिपलेला फोटो आज जगभर ओळखला जातो. चार दिवसांनी जहाज बुडालं.

१९६० मध्ये ब्राउन वारले. त्यांच्या सुमारे ४२,००० निगेटिव्ह एका पेटीत पडून होत्या, त्या १९८५ मध्ये सापडल्या. पंचवीस वर्षांनी उघडलेल्या त्या पेटीचा अर्थ लागला, कारण ब्राउन यांनी फोटोंची नावं आणि तारखा नीट लिहून ठेवल्या होत्या.

आपल्या फोनमध्येही हजारो फोटो असतात. पण आणखी वीस वर्षांनी नातवाने विचारलं, की हे कुठलं तळं, आजीच्या शेजारी हे कोण, तर सांगणारं कोणी असेल का? आमच्या घरी आजोबांच्या लग्नाचा एकच फोटो आहे. त्याच्या मागे पेन्सिलने गाव आणि तारीख लिहिली आहे, म्हणून तर तो कधीचा नि कुठला ते कळतं.

तेव्हा सहलीहून परत आल्यावर चहा होईपर्यंत एवढं करा. दहा चांगले फोटो निवडा, प्रत्येकाखाली ठिकाण, तारीख आणि माणसांची नावं लिहा. वर्षाकाठी त्यातले थोडे कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलने तेच लिहून ठेवा.